अकरा बावन्नचा फोटो

मंगळवारी दुपारी बारा वाजून एकेचाळीस मिनिटांनी एका लिफ्ट-मेकॅनिकच्या कमरेत नव्वद मिलिमीटर लांबीचा स्क्रू बसवण्यात आला. चार वाजून दहा मिनिटांनी, भूल पुरती उतरल्यावर, त्याला डाव्या पायाचा अंगठा वर उचलायला सांगितलं. अंगठा उचलला गेला नाही.

"जोर लावा," सर्जन म्हणाले.

"लावतोय की."

"लावा."

"डॉक्टर, तो लागतच नाहीये. दुसऱ्याचाच पाय असल्यासारखं वाटतंय."

सर्जननी पाऊल हातात घेतलं, सोडलं. ते खाली पडलं. बोटं खाली दाबायला सांगितली, ती दाबली गेली. पाऊल वर ओढायला सांगितलं, ते जागचं हललं नाही. पावलाच्या वरच्या बाजूला त्यांनी टाचणीने टोचलं. मेकॅनिक छताकडे बघत राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "टोचताय का अजून?"

तो शनिवारी सकाळी पडला होता. एका नऊ मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा दरवाजा त्याने चावीने उघडला आणि आत पाय टाकला. लिफ्टचा डबा तिथे नव्हता. बावीस वर्षं त्याने हाताखालच्या प्रत्येकाला एकच गोष्ट घोकायला लावली होती: आधी डबा बघ, मग पाय टाक. सहा मीटर खाली, खड्ड्याच्या तळाशी, तो डाव्या कुल्ल्यावर आपटला. "बावीस वर्षं लोकांना वर-खाली केलं," असं तो ॲम्ब्युलन्समध्ये म्हणाल्याचं सोबतचे सांगतात, "स्वतः एकदाच खाली आलो, तेही डब्याशिवाय."

कमरेचं हाड म्हणजे एक कडं असतं. ते एका जागी तडकलं तर तग धरतं, पण पुढून आणि मागून, दोन्हीकडे तुटलं तर अर्धी बाजू मोकळी होते. याची डावी बाजू दीड सेंटिमीटर वर सरकली होती. कमरेला रुंद पट्टा आवळून रक्तस्राव थांबवला, सहा पिशव्या रक्त दिलं, डाव्या पायाला वजन लावून ठेवलं. समोरचे बारीक तडे आपोआप जुळतील, मागचं हाड मात्र स्क्रूशिवाय जागेवर राहणार नाही, असं सर्जननी शनिवारी संध्याकाळीच सांगितलं होतं. सांगितलं ते त्याच्या थोरल्या बहिणीला. ती बसमध्ये कंडक्टर होती. तिचा आवाज एवढा होता, की तिने "जरा पुढे सरका" म्हटलं की वॉर्डातल्या खाटासुद्धा सरकतील असं वाटायचं. तिने एकच विचारलं होतं.

"शिडी चढेल ना तो परत?"

"हाड नीट बसलं तर चढायला हवा."

"हवा म्हणजे?"

"चढेल," सर्जन म्हणाले होते.

आता ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती आणि भावाच्या पावलाकडे बघत होती.

"हे काय आहे, डॉक्टर?"

"नस ताणली गेली असेल. हाड दीड सेंटिमीटर खाली ओढून आणलं ना, त्यात ताण बसतो. किंवा पडतानाच लागलं असेल."

"पडल्यावर पाय हलत होता त्याचा."

सर्जननी फाइल उघडली. शनिवारी सकाळी नऊ पाचला, कॅज्युअल्टीतल्या ज्युनियर डॉक्टरने तीन शब्द लिहिले होते: दोन्ही पाय हलवतो. कुठला पाय, कुठला सांधा, अंगठा वर गेला की नाही, यातलं काहीही नव्हतं. तीन शब्दांच्या खाली सही होती आणि त्या सहीच्या मालकाने आदल्या रात्रीपासून एकतीस रुग्ण पाहिले होते.

"सूज उतरली की बघू," सर्जन म्हणाले. "परवा सी.टी. होईलच."

या इस्पितळात अशा ऑपरेशननंतरचा सी.टी. तिसऱ्या दिवशी करायची पद्धत होती. तोवर रुग्णाला हलवणं सोपं जातं. सर्जन दार ओलांडून गेले तेव्हा त्यांनी भिंतीला हात टेकलेला बहिणीने पाहिला. सकाळपासून ते उभेच होते.

बुधवारी सकाळी साडेआठला फोटोबाई वॉर्डात आली. तिचं खरं पद क्ष-किरण तंत्रज्ञ. एकोणीस वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या रुग्णाने तिला त्या नावाने हाक मारली आणि ते चिकटलं. आता अधीक्षकसुद्धा फोनवर "फोटोबाई आहेत का?" असंच विचारत. इस्पितळातलं हलतं एक्स-रे यंत्र तीच ढकलत आणायची आणि ऑपरेशन थिएटरमधलं सी-आर्मही तीच चालवायची. सी-आर्म म्हणजे टेबलाभोवती फिरणारं अर्धवर्तुळाकार यंत्र. ते ऑपरेशन चालू असतानाच हाडाच्या आतलं चित्र पडद्यावर दाखवतं. दुसरा तंत्रज्ञ दोन महिने आजारपणाच्या रजेवर होता. त्याची पाळीही तिच्याच गळ्यात आली होती. पाच किलोचा शिशाचा एप्रन ती इतके तास वागवायची, की तो काढल्यावरही खांदे वर येत नसत.

"या, फोटोबाई," मेकॅनिक म्हणाला. "हसू का?"

"हसलात तरी कंबरच येणार फोटोत." तिने त्याच्या पाठीखाली प्लेट सरकवायला घेतली. "डावा पाय जरा आत घ्या."

"तो संपावर आहे."

ती थांबली. बहीण पलीकडून म्हणाली, "कालपासून उचलत नाही. डॉक्टर म्हणतात पडतानाच लागलं असेल. मी म्हणते, पडल्यावर हलत होता. माझं कोण ऐकतंय? मी काय, तिकीट फाडणारी."

"हलत होता," फोटोबाई म्हणाली.

ते तिच्या तोंडून गेलं आणि मग तिला शनिवार आठवला. एक्स-रेच्या टेबलावर हा माणूस वेदनेने दात आवळून पडला होता आणि डाव्या पायाचा अंगठा वरखाली, वरखाली नाचवत होता. दुखायला लागलं की तो तसं करत असावा. पहिला फोटो त्यामुळे हलला. ती त्याच्यावर खेकसली होती: "अहो, अंगठा नाचवू नका, मला परत घ्यावा लागतोय!" आणि तो म्हणाला होता, "तेवढाच चालतोय, त्याला तरी नाचू द्या."

तिने फोटो घेतला. यंत्र ढकलत लिफ्टपर्यंत नेलं. लिफ्टचं दार बंद होताना दोनदा अडखळलं, तसं ते रोजच अडखळायचं. दुसऱ्या मजल्यावर उतरून ती एक्स-रेच्या खोलीत न जाता थिएटरमध्ये गेली. ते अजून रिकामं होतं. तिने सी-आर्मचा पडदा सुरू केला आणि मंगळवारची फाइल उघडली.

एकसष्ट फोटो होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात वेळ होती.

हे काम तीन फोटोंवर चालतं. इनलेटमध्ये किरण पायाकडे झुकलेले असतात. हाडात जाणारी तार पुढे चाललीय की मागे, ते त्यात दिसतं. आउटलेट डोक्याकडे झुकवून घेतात. त्यात तार वर आहे की खाली ते कळतं. आणि लॅटरल बरोबर बाजूने. कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडाला दोन्ही बाजूंना उतार असतो आणि पाऊल व अंगठा वर उचलणारी नस त्या उताराच्या अगदी अंगावरून खाली जाते. तारेचं टोक त्या उताराच्या आत आहे की नाही, हे फक्त लॅटरल सांगतो. आधी बारीक तार जाते, तिच्यावरून पोकळ ड्रिल, मग पोकळ स्क्रू. तार जिथे, स्क्रू तिथे.

या माणसाचा उतार जन्मतःच जास्त खडा होता. अशा हाडात पहिले दोन फोटो खुशाल खोटं बोलतात. सर्जनना ते ठाऊक होतं. मंगळवारी सकाळी त्यांनी थिएटरच्या फळ्यावर स्वतः लिहिलं होतं: उतार खडा. लॅटरल बघून.

फोटोबाईने एकसष्ट फोटो एकेक करून पाहिले. लॅटरल एक होता. त्याच्या कोपऱ्यात ११:५२ लिहिलेलं होतं.

११:५२ला तार नुसती हाडाला टेकवलेली होती. त्यानंतर आउटलेटमध्ये डावी बाजू अजून वर दिसली म्हणून सर्जननी पाय ओढून घ्यायला सांगितलं आणि १२:१४ला हाड खाली आलं. तार काढून नव्याने टेकवली, अर्ध्यात नेली. १२:२२ला सर्जनचा हातमोजा फाटला. तार सहायकाच्या हातात देऊन ते मोजे बदलायला गेले.

सर्जन आणि फोटोबाई यांचं नऊ वर्षांचं एक न ठरवलेलं ठरलेलं होतं. सर्जन मोजे बदलायला वळले, की फोटोबाई न सांगता यंत्र आडवं फिरवायची, लॅटरल घ्यायची, तो उजव्या पडद्यावर ठेवायची आणि यंत्र पुन्हा जागेवर आणायची. ते परतले की उजव्या पडद्याकडे बघायचे आणि पुढे जायचे. त्यांनी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. बाहेरून शिकायला येणारे डॉक्टर हे बघून थक्क व्हायचे. एक जण म्हणाला होता, "यांचा संसार असता तर भांडण झालंच नसतं."

मंगळवारी तिने यंत्र फिरवायला घेतलं तेव्हा रुग्णाचा उजवा हात आडव्या फळीवर होता. फळी दुमडल्याशिवाय यंत्र फिरत नाही. त्याच हातातून रक्त चढत होतं आणि दाब खाली आला होता.

"हाताला कुणी हात लावायचा नाही," भूलतज्ज्ञ म्हणाले. "पाच मिनिटं द्या मला."

ती थांबली. उजव्या पडद्यावर ११:५२चा फोटो तसाच होता. १२:२७ला सर्जन परतले, उजव्या पडद्याकडे पाहिलं, "छान," म्हणाले आणि ड्रिल मागितलं. तिने तोंड उघडलं होतं. नक्की उघडलं होतं. तेवढ्यात भूलतज्ज्ञ आणखी एक पिशवी मागत होते, नर्स फोनवर रक्तपेढीशी भांडत होती, ड्रिल सुरू झालं. तिला वाटलं, यांनी वेळ वाचली असेल. हे रोज हेच करतात. त्यांना कळत नसेल असं कसं होईल?

शेवटी पुन्हा एक लॅटरल घ्यायचा असतो. भूलतज्ज्ञ म्हणाले होते, "झालं ना? मग आता मला याला इथून हलवू द्या." तोही राहिला.

नऊ वीसला सर्जन कपडे बदलायच्या खोलीत, बाकावर, हातात चहाचा कागदी पेला घेऊन बसले होते. चहा गार झाला होता. ती दारात उभी राहिली.

"सर, सी.टी. आजच करा."

"कोणाचा?"

"लिफ्टवाल्याचा."

"उद्या आहे त्याचा."

"आज करा. तो लॅटरल नवा नव्हता."

त्यांनी वर पाहिलं. "कुठला?"

"तुम्ही बघितलात तो. अकरा बावन्नचा होता. हाड ओढायच्या आधीचा."

"मी मोजे बदलायला गेलो तेव्हा तुम्ही घेतला ना?"

"नाही घेतला. फळी हलवू देत नव्हते. तुम्ही आलात, 'छान' म्हणालात."

पेला त्यांनी बाकावर ठेवला आणि परत उचलला.

"बाई, खात्री आहे तुमची?"

"वेळ यंत्राने लिहिलीय, सर. मी नाही."

"मग तेव्हा सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" आवाज चढला होता. बाहेर लादी पुसत असलेल्या बाईचं फडकं थांबलं. "एक शब्द! 'सर, जुना आहे.' तीन शब्द फार तर!"

"सांगायला हवं होतं."

"हवं होतं म्हणजे काय? त्या माणसाचा पाय..." ते थांबले. मग म्हणाले, "मी विचारायला हवं होतं. नऊ वर्षांत विचारलं नाही एकदाही."

ती दाराच्या चौकटीला टेकली.

"पडतानाच लागलं असण्याचीही शक्यता आहे," ते म्हणाले. ते तिला सांगत होते की स्वतःला, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"शनिवारी माझ्या टेबलावर अंगठा नाचवत होता तो. डावाच. त्याच्यामुळे माझा एक फोटो वाया गेलाय. तोही आहे, हललेला. दाखवू?"

त्यांनी मान हलवली. नको म्हणून.

"कुणाला सांगितलंत हे?"

"तुम्हालाच आधी."

"आणि मी म्हटलं असतं, उद्याच करू?"

"तर खाली जाऊन अधीक्षकांना सांगितलं असतं," ती म्हणाली. "पाय चालत नाहीयेत माझे, म्हणून तुमच्याकडे आधी आले. तुम्ही जवळ होतात."

सर्जन हसल्यासारखे झाले आणि उठले.

सी.टी. अकरा पाचला झाला. स्क्रू मागच्या हाडातून आत शिरला होता, मध्ये चौदा मिलिमीटर हाडाच्या बाहेर, उताराच्या पुढून गेला होता आणि पुन्हा आत गेला होता. वरून बघितलं तर दोन्ही टोकं हाडातच. सर्जननी ते चित्र मोठं केलं, मोजलं, पुन्हा मोजलं. मग म्हणाले, "आज काढतो. दुपारी." आणि फोन उचलून दुपारची दोन ऑपरेशनं पुढे ढकलली. ज्यांची ढकलली ते उपाशीपोटी बसले होते. त्यातल्या एकाच्या बायकोने दुपारभर नर्सला फाडून खाल्लं.

वॉर्डात सर्जन एकटे गेले. मेकॅनिक जागा होता. बहीण ड्युटीचा गणवेश घालूनच बसली होती. दुपारची पाळी होती तिची.

"स्क्रू काढून पुन्हा बसवावा लागेल," ते म्हणाले. "आजच."

"पुन्हा म्हणजे?" बहीण म्हणाली. "पहिल्याला काय धाड भरली?"

"तो हाडातून थोडा बाहेर गेलाय. नस त्याच्याजवळून जाते."

"काल तर म्हणालात पडतानाच लागलं."

"काल मला तसं वाटलं."

"आणि आज?"

सर्जननी खुर्ची ओढली. खाटेच्या कडेला वाकून उभं राहण्याऐवजी ते बसले. "आज सी.टी. बघितला. स्क्रू बसवायच्या आधी बाजूने एक फोटो घ्यायचा असतो. तो घेतला गेला नाही. मी जुना फोटो बघितला आणि नवा समजलो."

वॉर्डात पलीकडे कुणीतरी खोकत होतं. मेकॅनिक छताकडे बघत होता.

"म्हणजे डबा न बघता पाय टाकलात," तो म्हणाला.

"ताई, बस खाली," मेकॅनिक म्हणाला, कारण ती उठली होती. "मारशील कुणाला तरी."

"मारायला काय, अंगात जोर राहिलाय का माझ्या? चार दिवस झाले, पाठ टेकली नाही." पण ती बसली. "आता काढल्यावर पाय येईल का?"

"येऊ शकतो. नस दबली असेल तर येतो. हळूहळू. महिने लागतात. तुटली असेल तर..." ते थांबले. "तुटली आहे की नाही हे आत्ता मला सांगता येत नाही. लवकर काढला तर येण्याची शक्यता जास्त."

"शनिवारी 'चढेल' म्हणालात."

"म्हणालो होतो."

"आता काय म्हणता?"

"आता माहीत नाही म्हणतो."

मेकॅनिकने डोळे मिटले. मिटूनच म्हणाला, "डॉक्टर, मी डब्याच्या डोक्यावर उभा राहून काम करतो. डावा पाय आडव्या बीमवर, उजवा छतावर. पाय कुठे आहे ते मला बघावं लागलं तर संपलं. तेव्हा हात कुठे असतात, लक्ष कुठे असतं... हे तुमच्या लक्षात यावं म्हणून सांगतो. पळायचं नाहीये मला."

"लक्षात आलं."

"नवा कुठे बसवणार?"

"कण्याच्या तळाच्या त्याच हाडात, त्यातल्या पहिल्या मणक्याच्या खाली. दुसऱ्यात. तिथे जागा सरळ आहे."

"म्हणजे एक मजला खाली."

"हो."

"बघून जा," मेकॅनिक म्हणाला.

सहीचा कागद बहिणीने दोनदा वाचला. "धोके समजावून सांगितले" या ओळीपाशी तिने बोट ठेवलं. "काल पण हेच होतं," ती म्हणाली आणि भावाच्या हातात पेन दिलं.

दुसरं ऑपरेशन तीन चाळीसला सुरू झालं. पहिल्या स्क्रूला सत्तावीस तास झाले होते. रुग्णाचा हात या वेळी आधीच छातीवर घेऊन बांधला होता. भूलतज्ज्ञांनी रक्ताची नळी स्वतः मानेत घातली होती आणि नेहमीसारखा एकही विनोद केला नव्हता. जुना स्क्रू बाहेर आला, सर्जननी तो ट्रेमध्ये ठेवला, कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. नवी तार आत जाताना ते प्रत्येक टप्प्याला थांबले.

"लॅटरल घ्या."

यंत्र फिरलं.

"वेळ?"

"चार सात," फोटोबाई म्हणाली.

पाच मिलिमीटर पुढे. पुन्हा "घ्या." पुन्हा "वेळ?" पुन्हा तिचं उत्तर. नर्सने नंतर सांगितलं, की त्या दोघांचं इतकं बोलणं तिने आजवर ऐकलं नव्हतं आणि ऐकवतही नव्हतं. एकूण अकरा लॅटरल घेतले गेले. चार अठ्ठेचाळीसला स्क्रू बसला. पाच वाजून पाच मिनिटांनी, रुग्ण टेबलावर असतानाच, शेवटचा लॅटरल झाला. फोटोबाईने एप्रन काढून खुंटीला लावला. तो खुंटीवरून घसरून खाली पडला आणि तिने तो तिथेच राहू दिला.

गुरुवारी केलेल्या सी.टी.त नवा स्क्रू पूर्ण हाडात होता. अंगठा उचलला जात नव्हता.

ऑपरेशनची नोंद सर्जननी हाताने लिहिली. "पहिला स्क्रू हाडाच्या पुढे गेला होता. तार नेल्यावर लॅटरल घेतलेला नव्हता. शस्त्रक्रियेपूर्वी डाव्या अंगठ्याची हालचाल असल्याचं क्ष-किरण तंत्रज्ञ सांगतात." अधीक्षकांनी दोघांना खोलीत बोलावलं आणि मधलं वाक्य "स्क्रूची जागा सुधारण्यात आली" असं करता येईल का, हे विचारलं. सर्जन म्हणाले, लिहून झालंय. अधीक्षकांनी फोटोबाईकडे पाहिलं. "आणि तुमचं काय म्हणणं आहे?"

"मला दुसरा माणूस द्या," ती म्हणाली. "दोन महिने मागतेय."

चौकशी लावण्यात आली. दुसरा तंत्रज्ञ अजून मिळालेला नाही. मोजे बदलताना लॅटरल घ्यायची पद्धत बंद झाली. आता तो मागितल्यावरच घेतला जातो आणि वेळ मोठ्याने वाचली जाते. सर्जन आणि फोटोबाई कामापुरतं बोलतात. दोघांपैकी कुणी कुणाला टाळतं असं नाही, पण मोजे बदलायला ते वळले की ती यंत्रावरचे हात काढून घेते.

मेकॅनिक बावीस दिवसांनी घरी गेला. पाऊल खाली पडू नये म्हणून पोटरीमागून तळव्यापर्यंत प्लॅस्टिकची पट्टी होती आणि सहा आठवडे डावा पाय टेकायचा नव्हता. जाण्याआधी नसांची चाचणी झाली. स्नायूत सुई घालून विजेचे संकेत मोजतात, ती. अहवालात लिहिलं होतं, की अंगठा उचलणाऱ्या स्नायूत मेंदूकडून येणारा संकेत मिळाला नाही. नस पूर्ण तुटली आहे असं यावरून म्हणता येत नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा करावी. बहिणीने ते वाचून अहवाल घडी करून पर्समध्ये टाकला. "पाच पानांत एवढंच लिहिलंय, की यांना माहीत नाही," ती म्हणाली. "हे डॉक्टर निदान दोन शब्दांत सांगतात."

त्याच्या कंपनीने त्याची शाफ्टमधली जागा तीन महिने राखून ठेवली आहे. त्यानंतर ऑफिसात बसून तक्रारींचे फोन घ्यायचं काम देऊ, असं कळवलंय. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. बहिणीने विचारलं तर म्हणतो, "फोनवर मी लोकांना काय सांगणार, जिन्याने जा?"

आठवड्यातून दोनदा तो व्यायामासाठी इस्पितळात येतो. तळमजल्यावरच्या खोलीत फिजिओथेरपिस्ट त्याला टेबलावर निजवते, पोटरीच्या पुढच्या बाजूला, नडगीच्या कडेने दोन बोटं ठेवते आणि म्हणते, "उचला." तो उचलायचा प्रयत्न करतो. कपाळावर घाम येतो, मान ताठते, उजवा अंगठा आपोआप वर जातो. डावा जात नाही. हे दहा वेळा होतं. मग विश्रांती, मग आणखी दहा वेळा. फोटोबाई दिवसातून एकदा त्या खोलीच्या दारावरून यंत्र ढकलत जाते. ती आत येत नाही. एकदाच तिने बहिणीला पॅसेजमध्ये गाठून विचारलं, "काही?" बहीण म्हणाली, "नाही." आणि मग, तिचा चेहरा बघून, "तुम्ही बोललात म्हणून दुसऱ्या दिवशी तरी निघाला तो स्क्रू. नाहीतर अजून तिथेच असता." फोटोबाईने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते बहिणीला कळलं नाही.

काल, म्हणजे पडल्यापासून सातव्या आठवड्यात, सकाळी सव्वाअकराला, दुसऱ्या फेरीच्या चौथ्या प्रयत्नाला फिजिओथेरपिस्टची बोटं थांबली.

"परत," ती म्हणाली.

त्याने परत केलं.

"हललं," बहीण म्हणाली. "मी बघितलं. बाई, हललं ना?"

"मी डोळ्यांनी नाही बघितलं. बोटाखाली काहीतरी आल्यासारखं वाटलं. परत करा."

त्याने आणखी सहा वेळा केलं. बोटाखाली काही आलं नाही. सर्जनना वर फोन केला, ते ऑपरेशनमध्ये होते. पाऊण तासाने ते तसेच, टोपी न काढता खाली आले. त्यांनी स्वतःची बोटं त्याच जागी ठेवली, बराच वेळ. तोवर मेकॅनिक थकला होता. "डॉक्टर, आता मी उजवा पण उचलू शकणार नाही," तो म्हणाला.

कार्डावर त्या दिवशीची नोंद अशी आहे: पाऊल उचलण्याची ताकद, शून्य. अंगठा उचलण्याची ताकद, शून्य. स्नायूत किंचित ताण, एकदा जाणवला, खात्री नाही. सर्जननी तपासलं तेव्हा जाणवला नाही.